अभ्यासकाची वाटखर्ची

कळंबच्या आमच्या आडत दुकानातून धर्मादाय खात्यावर दरवर्षी काही रक्कम निघते. पूजा, आहारदान, जीर्णोद्धार यांसाठी ती जाते, आणि जावीच. श्रुतपंचमीला आपण शास्त्राची पूजाही करतो; परंतु ते शास्त्र वाचू शकणाऱ्याच्या प्रवासाचा विचार क्वचितच मनात येतो.

आपल्याच जिल्ह्याचे उदाहरण घ्यावे. धाराशिवच्या लेण्यांची जैन कथा कनकामर मुनींच्या ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश काव्यात आहे. त्यातील तेरापूर म्हणजे आपले तेर. डॉ. हिरालाल जैन यांनी हस्तलिखितांवरून ते संपादित केले आणि १९३४ साली कारंजाच्या अंबादास चवरे ग्रंथमालेने प्रसिद्ध केले. विद्वानाच्या श्रमाला दात्याच्या द्रव्याची जोड मिळाली, म्हणून आपला इतिहास आपल्या हाती आला. पुढे सोलापूरच्या ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांनी तर आपली संपत्तीच अशा कार्याला अर्पण केली.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत हजारो हस्तलिखिते आहेत. त्यांत जैन ग्रंथही पुष्कळ आहेत. आपल्या भागातील प्राकृताच्या विद्यार्थ्याला तेथे महिनाभर बसावयाचे, तर गाडीभाडे, खोली, भोजन आणि प्रती काढण्याचा खर्च आडवा येतो. ग्रंथ सुरक्षित असतो, पण वाचक दारापर्यंत पोहोचत नाही.

येत्या दिवाळीच्या वहीपूजनाला मी ‘श्रुतखाते’ मांडणार आहे. अट एकच : परतल्यावर, श्रुतपंचमीच्या दिवशी, त्याने काय वाचले ते आम्हां सर्वांना सांगावे.