बॉनेटखालची साफसफाई

दापोलीत पावसाळा सरताना गाडीचं बॉनेट उघडलं की आत काय सापडेल सांगता येत नाही. आंब्याची कुजलेली पानं, कोळ्याची जाळी, एकदा तर सुकं गवत आणि फोमचे तुकडे ओढून आणून उंदराने बांधलेलं घरटं. इंजिनची ऊब उंदरांना आवडते, आणि आत शिरले की ते वायरीही कुरतडतात.

मागच्या गणपतींनंतर आमची गाडी सेल्फ घेईना. दिवे लागत, हॉर्न वाजे. चावी फिरवली की नुसतं टकटक. बॅटरीच्या दुकानातून सल्ला मिळाला, नवी टाका. बॅटरी दोन वर्षांचीही नव्हती, म्हणून मी आधी मल्टिमीटर लावला. १२.५ व्होल्ट. पूर्ण भरलेली बॅटरी साधारण १२.६ दाखवते, तेव्हा ती रिकामी नव्हती हे नक्की. मग मीटरचं एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर टेकवलं, दुसरं त्याच खुंटावर आवळलेल्या क्लॅम्पवर, आणि लेकीला स्टिअरिंगवर बसवलं.

"आई, फिरवू?"

"फिरव."

एकमेकांना घट्ट बसलेल्या दोन धातूंमध्ये फरक जवळजवळ शून्य यायला हवा. काटा पाच व्होल्टच्या पुढे गेला. बॅटरीत वीज होती, पण ती बाहेर पडत नव्हती.

दोन्ही हेडलाइटना मिळून दहाएक अँपिअर पुरतात. सेल्फची मोटर शंभरावर मागते. मध्ये क्षारांचा थर असला की थोडा करंट कसाबसा जातो, मोठा अडतो. बॅटरीतलं सल्फ्युरिक आम्ल खुंटाच्या बुडाशी झिरपत राहतं. ते शिशाला लागलं की पांढरी भुकटी, तांब्याला लागलं की हिरवी-निळी. आमच्याकडे दोन्ही रंग होते.

दहा नंबरचा पाना घेतला आणि मायनस आधी सोडला. हा क्रम मी कधीच बदलू देत नाही. गाडीचा सगळा पत्रा मायनसला जोडलेला असतो. प्लस सोडताना पाना पत्र्याला टेकला, तर ठिणगी उडते, पाना लालबुंद होतो, आणि बॅटरीच्या आसपास हायड्रोजन साठलेला असेल तर स्फोट होऊ शकतो. जोडताना उलट: प्लस आधी, मायनस शेवटी.

बॅटरीची झाकणं घट्ट आहेत ना ते पाहिलं, कारण सोड्याचं पाणी आत जाता कामा नये. खायचा सोडा पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशने थरावर लावला. फेस उसळला. तो थांबेपर्यंत लावत राहायचं. फेस थांबला म्हणजे तिथलं आम्ल संपलं. ओल्या फडक्याने पुसून कोरडं केलं, क्लॅम्पची आतली बाजू पॉलिश पेपरने चकचकीत केली, आवळून झाल्यावर वरून व्हॅसलिन. खालचा ट्रे गंजला होता, तो खरवडून प्राइमर मारला. बॅटरी धरून ठेवणारी पट्टीही आवळली. ती सैल असली की खड्ड्यांत आतल्या प्लेटी हादरतात.

गाडी पहिल्या फिरवण्यात सुरू झाली. मीटरने १४.१ दाखवलं, म्हणजे अल्टरनेटरही ठणठणीत.

बाकी इंजिनाचा भाग मी ब्रश आणि फडक्यानेच पुसते. वॉशिंग सेंटरवर बॉनेट उघडून जोराचा फवारा मारतात, ते मला मुळीच पटत नाही. पाणी अल्टरनेटरमध्ये, फ्यूज बॉक्समध्ये, वायरींच्या जोडांत शिरतं आणि त्रास काही दिवसांनी उमटतो. शिवाय फवाऱ्याला काही दिसत नाही. हाताने पुसताना मला रेडिएटरच्या पाइपला पडलेली बारीक चीर दिसली; घाटात ती फाटली असती. पुढच्या काचेखालच्या जाळीतली पानंही हातानेच निघतात. ती तिथली भोकं बुजवतात, पावसाचं पाणी मग गाडीत उतरतं आणि पायाखालचं कार्पेट कुजतं.

दिवाळीची साफसफाई काढाल तेव्हा एक सकाळ बॉनेटलाही द्या. इंजिन गार असू द्या, रबरी हातमोजे आणि चष्मा घाला, अंगठी-बांगड्या काढून ठेवा, आणि पाना पहिला मायनसलाच लावा.