उंच गाडी, दुसरा मालक

अ‍ॅडव्हेंचर मोटरसायकल ही डांबर संपल्यावरही चालत राहावी म्हणून बांधलेली गाडी. पुढचं चाक मोठं, १९ किंवा २१ इंचांचं. शॉकअबची चाल लांब. इंजिनाचा तळ जमिनीपासून वीतभर वर. हँडल रुंद आणि उंच, म्हणजे दगडधोंडे आले की चालवणाऱ्याने फूटरेस्टवर उभं राहावं आणि गाडीला खाली हवी तशी डुलू द्यावी. या जातीची जडणघडण सहारा वाळवंटात झाली. १९७८च्या डिसेंबरअखेर पॅरिसहून निघालेली पहिली शर्यत जानेवारी १९७९मध्ये सेनेगलमधल्या डाकारला पोचली आणि १९८०मध्ये बीएमडब्ल्यूने आर ८० जी/एस ही गाडी आणली. लांबचा प्रवास आणि कच्ची वाट, दोन्ही एकाच गाडीने करायची ही कल्पना तिथून रुजली. भारतात हीरोने २०११मध्ये १५० सीसीची इम्पल्स काढली. तिला गिऱ्हाईक कमी लाभलं. मार्च २०१६मध्ये रॉयल एनफिल्डची ४११ सीसीची हिमालयन आली आणि चित्र पालटलं. मग २०१८मध्ये बीएमडब्ल्यू जी ३१० जीएस, २०१९मध्ये हीरोची एक्सपल्स २००, २०२०मध्ये चाकणला बनलेली केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचर.

उसाच्या पट्ट्यातल्या श्रीरामपुरासारख्या तालुक्याच्या गावी ही गाडी बहुतेकदा जुनी होऊनच येते. एक्सपल्स बाजारात आली तेव्हा एक लाखाच्या आतबाहेर होती, पण बाजारात येताना केटीएम ३९० ची सुरुवात २ लाख ९९ हजारांपासून आणि बीएमडब्ल्यूची ३ लाख ४९ हजारांपासून होती, तीही शोरूमची किंमत. उसाचं बिल हप्त्याहप्त्याने येतं. त्यातून एवढी रक्कम एका दुचाकीत घालणं जड जातं. दुसरीकडे पुण्या-मुंबईत लडाखच्या ओढीने घेतलेली गाडी एखादी मोठी सहल करून येते आणि पुढे वर्षभर सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी राहते. सिग्नलला थांबत थांबत चालवायला ती अवजड, पायांना गरम. तिचा पहिला मालक ती विकायला काढतो, आणि सुमारे १८० किलोमीटरवरच्या पुण्याहून एमएच १२ किंवा एमएच १४ पासिंगची गाडी प्रवरेच्या काठी येते. तिच्या अडचणींची सुरुवात इथेच होते, कारण ती कुठे कुठे जाऊन आली आहे हे नव्या मालकाला माहीत नसतं.

इतर जुन्या गाडीचे किलोमीटर विचारले की बरंचसं कळतं. इथे तसं होत नाही. पुण्यात ऑफिसच्या वाटेवर तीस हजार किलोमीटर चाललेली गाडी आणि स्पितीच्या दगडगोट्यांतून, ओढ्यांच्या पाण्यातून तेवढीच चाललेली गाडी, दोघींच्या मीटरवर आकडा एकच. शिवाय डिजिटल मीटर मागे फिरवता येतो. म्हणून जाणता मिस्त्री आकड्याकडे शेवटी बघतो. आधी तो फूटरेस्टचं रबर आणि ब्रेकच्या पायपट्टीची झीज बघतो. मागच्या स्प्रॉकेटचे दात एका अंगाला वाकून आकड्यासारखे झालेत का ते बघतो. ब्रेक डिस्कवर कमीत कमी किती जाडी उरली पाहिजे ते कोरलेलं असतं. त्याच्याशी मोजून बघतो. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो टायर २०१९च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. गाडी २०१८ची, मीटरवर आठ हजार, आणि टायर २०२१चा असेल, तर मधले किलोमीटर गेले कुठे, हा प्रश्न तिथल्या तिथे विचारायला हवा.

त्यानंतर हाडं तपासायची. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन पुढचं चाक उचलायचं आणि हँडल हळूहळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायचं. मधोमध खटका लागला तर कोन सेट, म्हणजे हँडलची बेअरिंग, गेला. दगडांवर आपटून आपटून गोळ्यांनी आपली जागा कोरून ठेवलेली असते आणि मग गाडी सरळ रस्त्यावरही आपोआप मध्याला अडकते. स्पोकच्या चाकाच्या प्रत्येक तारेवर पान्याने टिचकी मारायची. खणखणीत आवाजांत एखादीचा बसका आला की ती ढिली. अ‍ॅलॉय रिमला आऊट काढण्याची सोय नाही. तिच्या कडेला बाक किंवा बारीक चीर दिसली तर किंमत करताना नवी रिम धरावी. हेडच्या पाइपला चौकट जिथे जोडलेली असते तिथे टॉर्च मारून रंग नीट बघावा. कारखान्याचं वेल्डिंग एकसारख्या लाटांचं असतं. त्यावर दुसरा थर किंवा वेगळ्या छटेचा काळा रंग दिसला, तर ती गाडी कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये. बाकी बहुतेक दोष पैशाने सुटतात, हा सुटत नाही.

सगळ्यांत जास्त छळ मात्र एका वरवर साध्या गोष्टीचा होतो. आधीच्या मालकाने हौसेने लावलेले फॉग लॅम्प, मोबाइलचा चार्जर, दुहेरी आवाजाचा हॉर्न. विकताना तो हे काढून घेतो आणि कापलेल्या वायरी चिकटपट्टीत गुंडाळून टाकीखाली ढकलून देतो. पहिल्या पावसाळ्यात त्या जोडांत पाणी शिरतं. कधी गाडी उभ्या उभ्या बॅटरी पिते, कधी चालता चालता मीटर विझतो आणि पुन्हा लागतो. असा दोष शोधायला मिस्त्रीचा अख्खा दिवस जातो आणि सापडला तर दुरुस्तीला पाच मिनिटं लागतात. गाडी घरी आली की आधी ही सगळी जोड-वायरिंग उपसून मूळ वायरिंगवर आणावी. नवे आरसे आणि पेट्या नंतर.

श्रीरामपूरची जमीन या गाडीची वेगळीच परीक्षा घेते. काळी, भारी, चिकणमातीची ही जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पाणी मिळालं की फुगते. भंडारदऱ्याचं विल्सन धरण १९२६मध्ये पुरं झालं. तिथलं पाणी ओझरच्या बंधाऱ्यावरून डाव्या-उजव्या कालव्यांत वळतं. डाव्या कालव्याने श्रीरामपूरचं शिवार उसाचं केलं. आवर्तन सुटलं की पाटाच्या कडेचे आणि चाऱ्यांवरचे रस्ते ऐन हिवाळ्यातही ओले असतात. पावसाळ्यात वस्तीवर जाणाऱ्या शिवाररस्त्याने शंभर पावलं गेलं की टायरच्या गाठींमधली फट भरून जाते आणि चाक गुळगुळीत होतं. आणखी शंभर पावलांवर माती टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये पेंडेसारखी दाबून बसते आणि चाक फिरायचं थांबतं. हिमालयनला वर चोचीसारखा उंच मडगार्ड आहेच, शिवाय चाकाला लागून एक छोटा आहे. या मातीत तो छोटा अडसर ठरतो. काढावा, तर चिखल थेट ऑइल कूलरच्या पात्यांवर जाऊन वाळतो. पाण्याने थंड होणाऱ्या केटीएमच्या रेडिएटरचंही तेच. मग वॉशिंग सेंटरवर जोराचा फवारा मारला जातो. त्या फवाऱ्याचं पाणी चाकांच्या बेअरिंगच्या सीलमधून आणि चेनच्या रबरी कड्यांतून आत जातं. बादली, ब्रश आणि बागेचा पाइप यांनी धुतलेली गाडी जास्त टिकते.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात गळीत हंगाम सुरू झाला की रस्त्याचं रूप पालटतं. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर फडातून निघताना चाकांना लागलेली माती डांबरावर आणतात. तिच्यावर दव पडलं की पहाटे डांबर साबणासारखं होतं. मोठ्या गाठींचे टायर, जे मातीत उपयोगी, ते अशा डांबरावर कमी जागा टेकवतात, म्हणून जास्त घसरतात. आणि उन्हात तापलेल्या महामार्गावर लवकर झिजतात. नगर-मनमाड मार्गावर रोज जाणाऱ्याला आणि रोज फडावर जाणाऱ्याला एकच टायर चालत नाही. बहुतेकांना एकाच दिवसात दोन्हीकडे जायचं असतं, म्हणून मध्यम गाठींचा टायर घ्यावा, हेच त्यातल्या त्यात शहाणपणाचं.

ऊस या गाडीच्या टाकीतही पोचला आहे. प्रवरानगरपासून कोपरगावपर्यंत साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या आहेत, आणि मळीपासून व उसाच्या रसापासून होणारं इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळलं जातं. देशात हे प्रमाण २०२२मध्ये दहा टक्क्यांवर होतं. २०२५पर्यंत ते वीस टक्क्यांवर गेलं. शेतकऱ्याला याचा आधार आहे, आणि तो मोठा आहे. मात्र एप्रिल २०२३च्या आधी बनलेल्या गाड्यांचे रबरी पाइप आणि वॉशर बहुधा दहा टक्क्यांचं मिश्रण गृहीत धरून निवडलेले होते. इथेनॉल काही जातींच्या रबराला फुगवतं आणि मग ते रबर तडकतं. इथेनॉल हवेतला ओलावाही ओढून घेतं. गाडी पावसाळाभर अर्ध्या टाकीवर उभी राहिली तर पाणी तळाशी बसतं आणि लोखंडी टाकी आतून गंजते. वर्षानुवर्षं तळाला बसलेला चिकट थर इथेनॉल सोडवतं, आणि तो थर फिल्टरमध्ये, पुढे इंजेक्टरमध्ये जाऊन अडकतो. म्हणून वापरलेली गाडी आली की पेट्रोलचे पाइप बदलावेत, फिल्टर बदलावा, टाकी उतरवून आत टॉर्च मारावी. २०१६-१७च्या कार्ब्युरेटरच्या हिमालयनमध्ये जेट साफ करावे लागतात, पण ते गल्लीतल्या गॅरेजमध्ये होतं. इंजेक्शनच्या गाडीला स्कॅनर असलेला माणूस शोधावा लागतो.

माणसं इथे आहेत. ट्रॅक्टर आणि बुलेट दुरुस्त करत हात तयार झालेले फिटर, लेथवाले, वेल्डिंगवाले तालुक्यात कमी नाहीत. वाकलेला क्रॅश गार्ड, तुटलेली स्किड प्लेट, झिजलेला बुश हे ते शहरापेक्षा मन लावून करतात. अडतं ते सुट्या भागांपाशी. हीरो आणि एनफिल्ड यांची सेवा लहान गावांपर्यंत पोचलेली आहे. बीएमडब्ल्यूसाठी पुणं गाठावं लागतं. २१ इंची ट्यूब प्रत्येक पंक्चरवाल्याकडे मिळत नाही, त्यामुळे एक घरी आणि एक गाडीवर असावी. आणि पहिल्याच महिन्यात या गोष्टी न विचारता बदलाव्यात: इंजिन ऑइल, एअर फिल्टर, ब्रेक ऑइल, फोर्कचं तेल आणि सील. त्यासाठीचा पैसा गाडीच्या किमतीतच धरून ठेवलेला असावा. पुष्कळांची फसगत इथे होते, कारण सौदा ठरताना खिसा पूर्ण रिकामा केला जातो.

कागदांचं काम शांतपणे केलं तर अवघड नाही. टीटी फॉर्म, म्हणजे २९ आणि ३० नंबरचे, दोघांच्या सह्यांचे. विकणाऱ्याने राज्याच्या आत १४ दिवसांत कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. दुसऱ्या आरटीओकडची गाडी श्रीरामपूरच्या एमएच १७मध्ये नोंदवायची तर मूळ कार्यालयाची एनओसी. कर्जाचा बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि ३५ नंबरचा फॉर्म. बेंगळुरू किंवा दिल्लीची गाडी स्वस्त दिसते, पण तिच्यावर महाराष्ट्राचा कर पुन्हा भरावा लागतो आणि पहिल्या राज्याकडून परतावा मिळायला वेळ जातो. विमा १४ दिवसांत नावावर करून घ्यावा. नो-क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो जुन्या मालकाचाच राहतो. थकलेली ई-चलनं सौद्याच्या आधी बघावीत. फोडलेला मोठ्या आवाजाचा सायलेन्सर गाडीबरोबर फुकट मिळाला तरी मूळ सायलेन्सर मागून घ्यावाच, कारण मूळ रचनेत बदल कायद्याला चालत नाही.

गाडी घरी आली की घरच्यांना ती पटायला वेळ लागतो. या जुन्या गाड्यांत हिमालयनची सीट ८०० मिलिमीटरवर, एक्सपल्सची ८२३, केटीएम ३९०ची ८५५. मागे बसायला वयस्क माणसाला पायरी लागते. साडीगार्ड कायद्याने हवा. पहिल्या मालकाने पेट्या लावताना तो काढलेला असतो आणि परत मिळत नाही. एक्सपल्सच्या वर चढवलेल्या सायलेन्सरला गवताचं ओझं टेकलं तर गोणपाट करपतं. शेतावरच्या रोजच्या कामाला जुनी शंभर सीसीची गाडी राहू द्यावी लागते, आणि मग दोन गाड्यांचा खर्च.

एवढं सगळं मान्य करूनही ही गाडी इथे शहरापेक्षा जास्त शोभते. कच्चा रस्ता तिला दारातच मिळतो. आणि सुटीच्या दिवशी संगमनेर, अकोले, राजूर अशी वाट धरली की आपल्या उसाला येणाऱ्या पाण्याच्या उलट दिशेने भंडारदऱ्यापर्यंत जाता येतं. घाटघरच्या अंगाला फुटलेल्या डांबरावर, भाताच्या खाचरांमधल्या लाल मातीवर लांब चालीच्या शॉकअबचं प्रयोजन अंगाला कळतं. अशा वाटेवरून संध्याकाळी घरी आलेला माणूस गाडीच्या खर्चाबद्दल कुरकुरत नाही, हे खरं आहे.

पुढचा प्रश्न वयाचा. २०२३च्या अखेरीस ४५२ सीसीची नवी हिमालयन आली आणि ४११ बंद झाली. एनफिल्डच्याच स्क्रॅम या गाडीत त्याच इंजिनाचं घराणं चालू राहिल्यामुळे आतले बरेच भाग मिळत राहतील, बाहेरच्या पत्र्यांचं आणि काचांचं तसं सांगता येत नाही. ते आताच एकेक घेऊन ठेवावेत. खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते. पहिल्या हिमालयन २०३१मध्ये त्या मुदतीला पोचतील आणि तपासणी होऊन पाच वर्षांसाठी नव्याने नोंदल्या जातील. तेव्हा चेसिस नंबरची पेन्सिलने प्रिंट घेतात. तो नंबर बहुधा हेडच्या पाइपवर कोरलेला असतो, पुढच्या चाकाचा चिखल नेमका जिथे उडतो तिथे. ती जागा प्रत्येक धुण्याला कोरड्या फडक्याने पुसून वर तेलाचं बोट फिरवावं.