आधी जुनं, मग नवं

वाळूज एमआयडीसीतल्या एका छोट्या कोटिंग कारखान्याच्या मालकांना मी सांगितलं होतं की तुमचा नवा थर जुन्यापेक्षा जास्त घासतो. मोजून सांगितलं होतं, आलेखांसकट. ते चूक होतं.

दुचाकीच्या इंजिनातल्या गजन पिनवर हिऱ्याच्या जातीच्या कठीण कार्बनचा, डीएलसीचा, पातळ थर देतात. पिन कमी झिजावी, घर्षण कमी व्हावं म्हणून. मालकांनी थर चढवताना वायूंचं प्रमाण बदलून पाहिलं होतं. त्यांच्या घासून बघण्याच्या मशीनवर दोन्ही थर सारखेच उतरले होते, तरी त्यांना खात्री हवी होती. मी तेव्हा अणुबल सूक्ष्मदर्शकावर, म्हणजे एएफएमवर, पृष्ठभागांचं घर्षण मोजत होतो. मोठ्या मशीनला जे दिसत नाही ते आम्हाला दिसेल, असं मी त्यांना बोलून गेलो.

या उपकरणावर माझा फार जीव होता, अजूनही आहे. बिनिग, क्वेट आणि गर्बर यांनी ते 1986 साली जगापुढे मांडलं. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत मेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टंगस्टनचं टोक ग्राफाइटवरून ओढलं. ते टोक अणूंच्या ओळींच्या अंतराने अडकत, सुटत पुढे जाताना त्यांना दिसलं. घर्षणासारखी रोजची गोष्ट अणूंपर्यंत जाऊन बघता येते, या एका गोष्टीने मी या विषयाकडे ओढला गेलो.

काम चालतं ते असं. सिलिकॉनची केसाहून पातळ पट्टी असते, कॅन्टिलिव्हर. तिच्या टोकाला खाली टिप असते. नव्या टिपचं टोक साधारण 10 नॅनोमीटर त्रिज्येचं. टिप नमुन्यावर टेकवून आडवी ओढली की घर्षणाने पट्टी पिळली जाते, आणि पाठीवरून परावर्तित झालेला लेसर तेवढा बाजूला सरकतो. जातानाची आणि येतानाची रेघ मिळून एक लूप तयार होतो. त्याच्या रुंदीचा अर्धा भाग म्हणजे घर्षण. नमुना थोडा कललेला असला तरी दोन्ही रेघा एकत्रच सरकतात, त्यामुळे वजाबाकीत तो कल निघून जातो. लूपवर माझा विश्वास बसला तो यामुळे.

पण लूपच्या रुंदीत टिपही असते. इतक्या लहान प्रमाणावर घर्षण दोन पृष्ठभाग खरोखर किती जागेत टेकले आहेत यावर ठरतं, आणि डीएलसीवर घासत राहिलं की सिलिकॉनची टिप झिजते. बोथट झाली की जास्त जागेत टेकते आणि जास्त घर्षण दाखवते. हे मी वर्गात शिकवत होतो. प्रयोगशाळेत मात्र नमुने एकाच क्रमाने लावत होतो : सकाळी जुना थर, जेवणानंतर नवा. टिप दिवसभर तीच. टिप महाग, आणि मधेच बदलली तर तुलना बिघडेल असं माझं म्हणणं.

माझ्या विद्यार्थिनीला शंका आली होती. नमुन्यावरून टिप उचलताना ती एकदम सुटत नाही, थोडी चिकटते. ती सोडवायला लागणारं बल ती रोज वहीत टिपत होती. मी तसं सांगितलेलं नव्हतं. एका संध्याकाळी वही घेऊन आली आणि म्हणाली, "सर, सकाळपेक्षा संध्याकाळी सुटण्याचं बल कितीतरी जास्त येतंय. रोजच." मी म्हणालो, "पावसाळा आहे, दमटपणा वाढला असेल. लूप स्वच्छ आहेत ना? मग पुढे चल." ती गेली. तिचं म्हणणं मी पूर्ण ऐकूनही घेतलं नाही.

त्या वेळी कागद घेऊन साधा हिशेब केला असता तरी कळलं असतं. दमट हवेत टिप आणि नमुना यांच्यामध्ये पाण्याचा बारीक थेंब साचतो. 10 नॅनोमीटरच्या टिपला तो जास्तीत जास्त 9 नॅनोन्यूटनने खेचतो. हा ओढा टिपच्या त्रिज्येच्या पटीत वाढतो. टोक 50 नॅनोमीटरचं झालं की 45. खोलीतली हवा सकाळ-संध्याकाळ थोडीफार बदलत होती, पण तेवढ्याने इतका फरक पडत नव्हता. टिप बदलत होती.

मी अहवाल दिला. मालकांनी नवी पद्धत बंद केली, तयार पिनांचा एक लॉट बाजूला काढला.

पुढे याच मोजमापांवरचा पेपर पाठवला तेव्हा परीक्षकाने एवढंच विचारलं : टिपची तपासणी प्रयोगाच्या आधी आणि नंतर केली होती का? वापरलेली टिप इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. टोक जाऊन तिथे सपाट माळ झाला होता. नवी टिप लावून क्रम उलटा केला; आता जुना थर जास्त घासू लागला. मग दर नमुन्यासाठी ताजी टिप घेतली आणि क्रम आलटून-पालटून लावला. दोन थरांत सांगण्यासारखा फरक उरला नाही. मालकांचं मशीन पहिल्यापासून हेच सांगत होतं.

विद्यार्थिनीच्या प्रबंधातलं एक प्रकरण पुन्हा करावं लागलं, आणि तोवर तिची फेलोशिप संपत आली होती. शेवटचे महिने तिने क्लासमध्ये शिकवून काढले. तिच्या वहीतला सुटण्याच्या बलाचा तक्ता आता त्या प्रकरणात पहिल्या पानावर आहे. तो तिथे ठेवायचा हे तिने ठरवलं, आणि बरोबरच ठरवलं.

वाळूजला मी स्वतः गेलो. मालकांनी ऐकून घेतलं, मग विचारलं, "तो लॉट आम्ही भंगारात काढला सर. तुम्ही तेव्हा टिप बघितली नव्हती का?" नव्हती, एवढंच उत्तर होतं. त्यांनी चहा मागवला आणि नव्या पद्धतीचे कागद कपाटातून काढून टेबलावर ठेवले. पुढच्या मोजणीला त्यांचा एक तंत्रज्ञ आमच्याकडे बसेल, अशी अट घातली. मी मान्य केली.

परत आल्यावर आधीच्या नोंदी काढल्या, ग्राफाइटच्या, अभ्रकाच्या. आलेख सुबक आहेत. पण टिप त्या दिवशी कितव्या नमुन्यावर होती, सुटण्याचं बल किती होतं, खोलीतली आर्द्रता किती होती, यातलं काहीच लिहिलेलं नाही. इथल्या एप्रिलच्या कोरड्या दुपारी आणि ऑगस्टच्या ओल्या हवेत घेतलेले आकडे एकाच तक्त्यात शेजारी-शेजारी बसले आहेत. पट्टीच्या ताठरपणाचा आकडाही डबीवर छापलेला तसाच घेतलेला. ताठरपणा जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो. जाडी 10 टक्क्यांनी जास्त निघाली तर तो 33 टक्क्यांनी वाढतो. आता आम्ही प्रत्येक पट्टी स्वतः मोजतो, आणि दिवसाच्या सुरुवातीला व शेवटी टिप अभ्रकाच्या ताज्या सोललेल्या पापुद्र्यावर टेकवून पाहतो. त्या जुन्या नोंदींना मात्र यातलं काही लावता येत नाही. त्यांच्यावर उभा असलेला एक पेपर छापून आलेला होता. त्यातला तक्ता मागे घेत असल्याचं पत्र मी नियतकालिकाला पाठवलं, आणि ज्यांनी ते आकडे वापरल्याचं मला माहीत होतं त्यांना वेगळं कळवलं.