डावं पुढचं बेअरिंग

गाडी गुणगुणायला लागून चार-पाच महिने झाले होते. वेग चाळीसच्या वर गेला की खालून घूंऽऽ असा आवाज यायचा, साठला तो चढायचा आणि सिग्नलला थांबलो की नाहीसा व्हायचा. मी आधी टायरना दोष दिला, मग बंगळुरूच्या रस्त्यांना दिला आणि शेवटी रेडिओ मोठा केला.

मार्चमध्ये बाबा चिंचवडहून आले. त्यांना दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येतं. बोलायचं तर समोर बसून, ओठ दिसतील असं बोलावं लागतं, त्यामुळे गाडीत आमच्या गप्पा बंदच असतात. स्टेशनवरून येताना रिंग रोडला लागल्यावर त्यांनी एक चप्पल काढली, तळपाय गाडीच्या तळाला टेकवला आणि तळहात दारावर ठेवला. मला वाटलं, पाय अवघडलाय.

"जरा उजवीकडे घे," म्हणाले. मी लेन बदलली. "आता डावीकडे." पुन्हा बदलली. दोन-तीनदा हे झालं.

"डावं पुढचं बेअरिंग गेलंय."

रेडिओ तेव्हाही चालूच होता.

दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या गॅरेजवाल्याने गाडी जॅकवर घेतली, चाक वर-खाली धरून हलवलं, मग एका हाताने फिरवत दुसरा हात स्प्रिंगवर ठेवला. "बेरिंग गया सर." शेजारी उभ्या असलेल्या पोराने तेच कन्नडमध्ये सांगितलं, "बेरिंग होगिदे." तिन्ही भाषांत बेअरिंग मोडत नाही, फुटत नाही, जातं. बाबांना मी विचारलं, तुम्हाला बसल्या जागी कसं कळलं? त्यांना हा प्रश्नच बावळट वाटला. गाडी उजवीकडे वळली की वजन डाव्या चाकावर येतं. दुखरं असेल ते वजन आलं की ओरडतं. इंजिनचा आवाज असता तर न्यूट्रलमध्ये घातल्यावर बदलला असता. यात ऐकायचं काय आहे?

बाबांनी १९७१ ते २००३ चिंचवडला बेअरिंगच्याच कारखान्यात काढली. छर्रे ज्या खाचेतून धावतात ती खाच घासून गुळगुळीत करायची, म्हणजे ट्रॅक ग्राइंडिंग. तिथे माप मायक्रॉनमध्ये चालायचं, मिलिमीटर हा सुतारांचा हिशोब. आमच्या चाळीतल्या प्रत्येक पोराकडे बाद बेअरिंगांची चाकं लावलेला फळकुटाचा गाडा होता. तो उतारावरून खडखडत सुटला की बायका शिव्या घालायच्या. आमची बेअरिंगं इतरांपेक्षा कमी वाजतात असा मला अभिमान होता. बहुधा ते खोटं होतं.

सर्व्हिस सेंटरने अंदाजपत्रक दिलं, नऊ हजार दोनशे, कर वेगळा. दोन्ही बाजूंची बेअरिंगं बदलायची, कारण म्हणे जोडीनेच बदलतात. बाबांनी कागद डोळ्यांजवळ नेऊन वाचला आणि घडी घालून खिशात ठेवला. उजवं चांगलं आहे, आणि चांगलं बेअरिंग उगाच काढायचं नसतं. ते प्रेसखाली दाबून बाहेर काढलं की छर्‍यांवरून जोर जातो, खाचेला वण पडतात. काढलेलं बेअरिंग पुन्हा बसवता येत नाही. गॅरेजवाल्याचं मतही तेच निघालं. "दूसरा नक्को सर." त्याच्या दखनीतला 'नक्को' बाबांनी ओठांवरून बरोबर टिपला आणि एकदम खूश झाले. तिथल्या सगळ्या बोलण्यातला तेवढा एकच शब्द त्यांना अर्थासकट मिळाला होता.

बेअरिंग आणायला आम्ही दोघं जे. सी. रोडला गेलो. दुकानदाराने काउंटरवर तीन खोके मांडले. चौदाशे पन्नास, नऊशे आणि साडेपाचशे. गंमत म्हणजे सर्वांत स्वस्त खोक्यावर सर्वांत मोठं नाव छापलेलं होतं. बाबांनी ते बेअरिंग बाहेर काढलं, कडेवर कोरलेली अक्षरं अंगठ्याने चाचपली, आतली कडी फिरवली आणि सवयीने उजव्या कानाशी नेलं. तसंच धरून क्षणभर उभे राहिले. मग खाली घेतलं, खोक्यात घातलं आणि चौदाशे पन्नासच्या खोक्याकडे बोट दाखवलं.

परत येताना ते आपणहून बोलले. रस्त्याकडे बघत, मला उत्तर देता येणार नाही अशा बेताने. कारखान्यात बेअरिंगचा आवाज तपासायला निराळी शांत खोली होती. तिथे बेअरिंग फिरवून त्याची थरथर मोजायचे, जास्त असली की माल बाद. बाबा त्या खोलीत वर्षातून एखाद्या वेळी जायचे, तेही आपल्या मशिनचा माल का परत आला ते विचारायला. "आत गेलं की कानात शिट्टी वाजायची," म्हणाले. "मला वाटायचं, खोलीतच वाजतेय."

गोंगाटाने येणारं बहिरेपण तेव्हाच्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत होतं. नोंदवायलाच हवा असा तो आजार. बाबांचा कुणी नोंदवला नाही. कानात घालायचे बोळे कधीतरी वाटले होते, पण ते घातले की मशिनचा बदललेला सूर कळत नसे आणि सूर कळला नाही की माल बिघडे. म्हणून चांगले कारागीर ते घालत नसत. हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही. उलट 'चांगले कारागीर' म्हणताना आवाज जरा चढला होता.

गॅरेजवाल्याकडे स्वतःचा प्रेस नव्हता. गाडीचा नकल खोलून, पिशवीत घालून तो दोन गल्ल्या पलीकडे लेथवाल्याकडे घेऊन गेला, आणि बाबा त्याच्या मागोमाग. नवं बेअरिंग घरात दाबताना जोर बाहेरच्या कडीवरच पडायला हवा. आतल्या कडीवर पडला तर ते बसवतानाच निम्मं मरतं. बाबा हाताने खुणा करून हे सांगायच्या बेतात होते, तेवढ्यात गॅरेजवाल्याने जुन्या बेअरिंगची बाहेरची कडी नव्यावर ठेवली आणि तिच्यावरून प्रेस खाली आणला. बाबांनी हात मागे घेतले. प्रेसचा काटा चढत असताना दोघंही एकाच जागी बघत होते.

चाकं सरळ करून घेतल्यावर आम्ही रिंग रोडला एक चक्कर मारली. मी रेडिओ बंद ठेवला. साठ, सत्तर. खालून काहीही येत नव्हतं. बाबांनी तळपाय टेकवला, थोडा वेळ ठेवला आणि चप्पल घातली.

रात्री ते जुनं बेअरिंग रॉकेलऐवजी पेट्रोलमध्ये धूत बाल्कनीत बसले. ग्रीस गंजाने लाल झालेलं. कुठल्या तरी पावसाळ्यात सील फाटून पाणी आत गेलं असणार. खाच दिव्याखाली धरून त्यांनी मला दाखवली. एका जागी धातूचा पापुद्रा उडाला होता, तांदळाच्या कणीएवढा. चार महिने मी रेडिओ मोठा करत होतो तो एवढ्यासाठी.

बाबांची खर्चाची वही असते, प्रवासातसुद्धा. झोपायच्या आधी त्यांनी लिहिलं: डावं पुढचं बेअरिंग १४५०, मजुरी प्रेससह ९००, अलाइनमेंट ४००, एकूण २७५०. खाली गाडीचे किलोमीटर. मी वही परत ठेवताना आधीची पानं चाळली. गेल्या वर्षी ते आले होते तेव्हा मी त्यांना कानाच्या तपासणीला नेलं होतं. डॉक्टरांनी आलेख दाखवला होता, चार हजार हर्ट्झपाशी रेघ सरळ दरीत उतरलेली. यंत्राची किंमत एका कानाची अडतीस हजार सांगितली होती. जोडीने बसवलं तर बरं, असंही म्हणाले होते. बाबांनी तो कागदही असाच घडी घालून खिशात ठेवला होता.

वहीत नोंद होती: कान, तपासणी ६००. काम केलं नाही.