टाळूवरचं चांदणं

रविवार. शहापूरच्या सलूनमध्ये कारागिराने मागे आरसा धरला आणि टाळूवर रुपयाएवढं चांदणं दिसलं. मुरबाडचा मामा बोअरच्या पाण्याला शिव्या देतो. आजोबांचं टक्कल मात्र सोयीने विसरतो.

रोज 50 ते 100 केस गळणं स्वाभाविकच. पुरुषांत बहुधा आनुवंशिकता आणि डीएचटी हे संप्रेरक मिळून मुळं आक्रसवतात. केस आधी बारीक होतो, मग उगवतच नाही. म्हशाच्या जत्रेतून आणलेल्या तेलाने उशीचा अभ्रा तेवढा चमकला. मिनॉक्सिडिल काहींना लागू पडतं, पण थांबवलं की गळती पुन्हा सुरू.

आज केस बारीक कापून घेतले. डोकं हलकं वाटलं. मात्र अचानक चाई पडली, तर तेल नको, त्वचारोगतज्ज्ञ गाठा.