हेग येथील शांतिमंदिर आणि समुद्राचा दावा

हॉलंडांतील डेल्फ्ट गांवाहून निघून, हेग शहर ओलांडून, श्खेव्हेनिंगनच्या समुद्रकिनाऱ्यापर्यंत जाणारी एक क्रमांकाची ट्राम आहे. आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त त्या देशांत असल्यामुळें आम्हां उभयतांस तेथें दोन महिने राहण्याचा योग आला, व त्या अवधींत या ट्रामनें आम्हीं इतक्या खेपा केल्या कीं, तिचे थांबे मुखोद्गत झाले. राजवाडे, फुलांचे ताटवे व पवनचक्क्या यांचीं वर्णनें वाचकांनीं पुष्कळ वाचलीं असतील. येथें या एका वाटेवरील तीन ठिकाणांविषयींच लिहावयाचें आहे. कारण त्यांपैकीं मधल्या ठिकाणीं २३ जुलै २०२५ रोजीं पृथ्वीवरील यच्चयावत् राष्ट्रांच्या वर्तनाविषयीं एक अभिप्राय वाचला गेला, आणि त्याचा संबंध अलिबागेस समुद्रकांठीं वाडी असणाऱ्या आमच्यासारख्यांपर्यंतही पोंचतो.

डेल्फ्टच्या बाजारचौकांत ह्यूगो ग्रोशियसचा पुतळा आहे. हा १५८३ सालीं याच गांवीं जन्मला. धर्ममतांच्या व राजकारणाच्या तंट्यांत त्यास आमरण कारावास झाला असतां त्याच्या धोरणी पत्नीनें १६२१ सालीं त्यास ग्रंथांच्या पेटींत घालून किल्ल्याबाहेर काढलें. ही कथा मनोरंजक खरी, परंतु त्याची खरी करामत १६०९ मधील एका लहानशा पुस्तकांत आहे. पूर्वेकडील समुद्रावर पोर्तुगीज आपला हक्क सांगत. त्यांचें इकडील मुख्य ठाणें आपलें गोवें. डचांनीं १६०३ सालीं त्यांचें एक मालानें भरलेलें जहाज पकडलें, आणि अशा कृत्यांच्या समर्थनार्थ या तरुण वकिलानें प्रतिपादिलें कीं, समुद्र हा वायूप्रमाणेंच सर्वांचा आहे. जें मुठींत धरतां येत नाहीं त्यावर कोणाची मालकी चालत नाहीं. वकिलानें अशिलाची बाजू मांडली, पण तत्त्व अशिलापेक्षां मोठें निघालें. वायु सर्वांचा असेल तर तो बिघडविल्याचा हिशेब कोणीं द्यावा, हा प्रश्न त्यास सुचण्याचें कारणच नव्हतें. गिरण्यांचीं धुराडीं अद्याप व्हावयाचीं होतीं.

त्याच गांवीं एका जुन्या कालव्याकांठीं डेल्फलँडच्या पाणीमंडळाचें दगडी घर आहे; दर्शनी भिंतीवर रंगीत कुलचिन्हें. हें मंडळ १२८९ पासून चालत आलें आहे, म्हणजे नेवाशास ज्ञानेश्वरी सांगून पुरी झाली त्याच्या आदल्या वर्षापासून. देशाचा सुमारें चौथा भाग समुद्रसपाटीखालीं असल्यामुळें बांध हेंच तेथील ग्रामदैवत. पूर्वीं प्रत्येक जमीनधारकास आपल्या वांट्याचा बांध राखावा लागे. ज्यास तें झेपेना त्यानें आपलें फावडें बांधांत रोवून चालतें व्हावें, आणि जो तें उपटील त्यानें जमीन व बांधाचा भार दोन्ही उचलावीं, असा रिवाज होता. कठोर खरा, पण एकाचा बांध फुटला तर पाणी शेजाऱ्याच्या शेतांत शिरतें, त्यास इलाज नाहीं. पूर्वींच्या कुलाबा, म्हणजे आतांच्या रायगड जिल्ह्यांतील खारजमिनींसही हा न्याय अपरिचित नाहीं. बाहेरचा बांध राखणाऱ्या शिलोत्रीदारास तेथें त्याबद्दल शेतकऱ्यांकडून धान्याचा हिस्सा मिळत असे.

ट्राम हेगमध्यें शिरून शांतिमंदिराच्या थांब्यावर येते. लोखंडी दरवाजापलीकडे विटांची भव्य इमारत व तिचा उंच मनोरा दिसतो. १८९९ सालीं रशियाचा झार दुसरा निकोलस याच्या पुढाकारानें या शहरीं पहिली शांतिपरिषद भरली. तींतून लवादाचें कायम न्यायालय निघालें, आणि त्यास घर पाहिजे म्हणून अमेरिकेंतील पोलादाचा कारखानदार अँड्र्यू कार्नेगी यानें १९०३ सालीं १५ लक्ष डॉलर दिले. १९१३ च्या ऑगस्टांत वास्तुप्रवेश झाला. निरनिराळ्या राष्ट्रांनीं आहेर पाठविले. दरवाजे जर्मनीचे, मनोऱ्यावरील घड्याळ स्वित्झर्लंडचें, रेशमी भिंतपट जपानचे, कारंजें डेन्मार्कचें, आणि एक प्रचंड पाषाणपात्र खुद्द झारचें. पुढें वर्ष पुरें होतें न होतें तोंच हे आहेर पाठविणारे एकमेकांवर तोफा रोखून उभे राहिले! लग्नांत पंगतीस मांडीला मांडी लावून बसलेले भाऊबंद दुसऱ्या दिवशीं कोर्टाच्या पायऱ्यांवर भेटावे, त्यांतलाच हा प्रकार.

कार्नेगीच्या पैशाचाही थोडा विचार करावासा वाटतो. पिट्सबर्गच्या भट्ट्यांत दगडी कोळसा जळून पोलाद झालें. त्या पोलादाचीं युद्धनौकांचीं कवचेंही झालीं. आणि त्याच्या नफ्यांतून शांतीचें देऊळ उभें राहिलें. दात्याची निंदा करण्याचा हेतु नाहीं. आपल्याकडील घाट व देवळें सगळीं निर्मळ पैशानेंच बांधलीं गेलीं असें कोण म्हणेल? परंतु एकशें बारा वर्षांनीं त्याच दिवाणखान्यांत धुराचा हिशेब मागितला जावा, हा योगायोग मनांत भरतो.

संयुक्त राष्ट्रांचें आंतरराष्ट्रीय न्यायालय १९४६ पासून येथेंच बसतें. मराठी घरांत त्याचें नांव झालें तें कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणामुळें. नागपूरकडील हरीश साळवे यांनीं तें एक रुपया घेऊन चालविलें, व जुलै २०१९ मध्यें फांशीच्या शिक्षेचा फेरविचार करण्यास न्यायालयानें पाकिस्तानास सांगितलें. असो.

आतां त्या हिशेबाची हकीकत. प्रशांत महासागरांत वानुआतू नांवाचें सुमारें ऐंशी बेटांचें राष्ट्र आहे. लोकवस्ती तीन लक्षांच्या आसपास. मार्च २०१५ मध्यें ‘पॅम’ वादळानें त्याच्या वार्षिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक नुकसान केलें. मार्च २०२३ मध्यें तर एकाच आठवड्यांत दोन वादळें त्यावरून गेलीं. त्या बेटांनीं जाळलेला कोळसा व तेल जगाच्या मानानें नगण्य. उलट आजवर कोळसा-तेल जाळून वातावरणांत सोडलेल्या कार्बन-डायऑक्साइड वायूचा सुमारें चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा आहे. २०१९ सालीं कायदा शिकणाऱ्या सत्तावीस विद्यार्थ्यांनीं विचार मांडला कीं, या बाबतींत राष्ट्रांचें कर्तव्य काय, हें जगांतील सर्वोच्च न्यायालयासच विचारावें. त्यांच्या सरकारनें तो उचलला, आणि २९ मार्च २०२३ रोजीं संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनें मतदानावांचून, एकमुखानें, तो प्रश्न हेगला धाडला. वर्गांत निघालेला प्रश्न इतक्या दूर गेल्याचें उदाहरण आमच्या छत्तीस वर्षांच्या मास्तरकींत पाहण्यांत नाहीं.

डिसेंबर २०२४ मध्यें दोन आठवडे सुनावणी चालली. शहाण्णव राष्ट्रें व अकरा संस्था बोलल्या. आपल्या देशाच्या वतीनें सांगण्यांत आलें कीं, ज्यांनीं आधीं धूर केला त्यांचा भार अधिक. मात्र झालेल्या करारांपलीकडे नवीं बंधनें न्यायालयानें निर्माण करूं नयेत. पहिला भाग निर्विवाद आहे. दुसऱ्याविषयीं आमचें मन साशंक आहे. वार्षिक धुराच्या देशवार क्रमांत हिंदुस्थान तिसरा. दरडोई पाहिलें तर जगाच्या सरासरीहून खालीं. दोन्ही आंकडे खरे असून सोयीचा तेवढाच सांगण्याची खोड आपल्यासही आहे. एकत्र कुटुंबांत वडील भावानें कर्ज केलें म्हणून धाकट्यास नवें काढण्याची मुभा मिळत नाहीं. पण वडील भावानें आपलें न फेडतां धाकट्यास काटकसर शिकवावी, हेंही घरांत खपत नाहीं.

अभिप्राय एकमतानें दिला गेला व अध्यक्ष इवासावा यांनीं तो वाचला. हवामानाचें रक्षण हें राष्ट्रांचें कायदेशीर कर्तव्य आहे. तापमानाची वाढ दीड अंशावर रोखण्याच्या दृष्टीनें प्रत्येकानें पराकाष्ठेची दक्षता बाळगावी. कर्तव्य चुकलें तर तें अवैध कृत्य होय, तें थांबवावें, आणि कार्यकारणसंबंध सिद्ध झाल्यास भरपाईही करावी. कोळसा-तेल काढण्याचे परवाने व त्यासाठीं दिलेलें अनुदानसुद्धां त्या सदरांत येऊं शकतें. याहून आम्हांस विलक्षण वाटलें तें एक वाक्य. राष्ट्राची जमीन बुडाली म्हणून त्याचें राष्ट्रत्व गेलेंच असें नव्हे, असा त्याचा आशय. प्रत्ययाचा लोप झाला तरी त्याचें कार्य मागें राहतें, हें पाणिनीय व्याकरण शिकलेल्यास नवें नाहीं. परंतु जित्याजागत्या माणसांच्या देशाविषयीं हा नियम सांगण्याची वेळ यावी, हें ऐकून पोटांत कालवतें.

हा अभिप्राय बंधनकारक नाहीं, म्हणून कित्येक तो कागदी ठरवितात. आम्हांस तसें वाटत नाहीं. जमीन गेली कीं माणसें निघतात, आणि निघालेलीं माणसें कोणाच्या तरी सीमेवर येऊन थांबतात. अशा तंट्यास आधीं नियम ठरलेला असणें व नसणें यांत फार अंतर आहे; १९१४ सालीं तें कळलें, पण उशिरां.

ट्रामचा शेवट समुद्राशीं. श्खेव्हेनिंगनच्या ज्या रुंद फरसबंदीवरून लोक आइस्क्रीम खात हिंडतात, तिच्या पोटांत बांध दडलेला आहे, हें सांगितल्यावांचून कळत नाहीं. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्रीं समुद्र नैर्ऋत्येकडील बांध फोडून आंत शिरला व १,८३६ माणसें मेलीं. त्यानंतर त्यांनीं खाड्यांच्या मुखांशीं धरणें घातलीं. रॉटरडॅमच्या वाटेवर दोन अवाढव्य दरवाजे १९९७ सालीं बसले. २०११ सालीं हेगच्या दक्षिणेस दोन कोटींहून अधिक घनमीटर वाळू ओतून ती किनाऱ्यावर पसरण्याचें काम लाटांवरच सोंपविलें. पैसा, विद्या आणि सातशें वर्षांची संवय ज्यांजवळ आहे त्यांनाच हें साधतें.

आमचें कुटुंब बराच वेळ लाटांकडे पाहत उभें होतें. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळांत आमच्या वाडींतील पोफळी आडव्या झाल्या, त्या तिनें हातानें लावलेल्या होत्या. मग म्हणाली, “अहो, तें फावड्याचें ठीक. पण आपला बांध नीट राखला असून दुसऱ्याच्या करणीनें फुटला, तर फावडें कोणीं रोवायचें?”

याचें उत्तर डेल्फ्टच्या त्या दगडी घरानें आपल्यापुरतें फार पूर्वींच काढलें आहे. बांधाची पट्टी आतां केवळ कांठच्या शेतकऱ्यावर नसून मुलुखांतील प्रत्येक बिऱ्हाडावर आहे. आमचे चिरंजीव तिसऱ्या मजल्यावर भाड्यानें राहतात. त्या सालची त्यांची पट्टीची पावती टेबलावर पडलेली होती.