खांडबाऱ्याला थांबलेली गाडी

सुरतेहून भुसावळकडे जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये बसून तापीच्या खोऱ्याचा प्रवास ज्यांनी केला नसेल, त्यांनी तो एकदा अवश्य करावा. ज्यांना घाई आहे त्यांनी मात्र करू नये. बारडोली, व्यारा, सोनगड अशी नावे घेत घेत गाडी नवापूरला येते आणि तेथे एक मोठी मौज होते. १ मे १९६० रोजी दोन राज्ये वेगळी झाली तेव्हा सीमारेषा नेमकी या स्टेशनातून गेली. त्यामुळे फलाटाच्या एका टोकाला आपण गुजरातेत असतो, तर दुसऱ्या टोकाला महाराष्ट्रात. एका बाकावर तर दोन्ही राज्यांची नावे रंगवलेली आहेत. एकाच बाकावर शेजारी शेजारी बसून परप्रांतीय होण्याची सोय दुसरीकडे कोठे असेल असे वाटत नाही. त्यानंतर चिंचपाडा, आणि मग खांडबारा.

हे नाव पुण्यामुंबईच्या वाचकाच्या कानावर असण्याचे तसे कारण नाही. नवापूर तालुक्यातले, १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातले आणि तेव्हापासून नंदुरबार जिल्ह्यातले हे गाव. आजूबाजूला भाताची आणि तुरीची शेते. नवापूरच्या तूरडाळीला तर भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. घराघरांतून मावची नाही तर कोकणी बोली बोलली जाते (ही कोकणी रत्नागिरी-गोव्याची नव्हे, ती येथल्या डोंगरातली). गाव लहान, पण नंदुरबारकडे जाणारा रस्ता त्याच्या अंगावरून जातो, आणि तो रस्ता दक्षिणेला विसरवाडीजवळ सुरत-धुळे-नागपूर महामार्गाला मिळतो. पूर्वीचा सहा क्रमांकाचा हा महामार्ग आता त्रेपन्न क्रमांकाचा झाला आहे. ट्रकवाल्यांच्या तोंडी तो अजून ‘सहा नंबर’च. गृहिणींनी या दिवाळीत घेतलेली साडी जर सुरतेची असेल आणि घर जर नागपूर-अमरावतीकडचे असेल, तर ती साडी याच वाटेने आली असण्याचा संभव फार.

ही वाट काही आजची नाही. सतराव्या शतकात ताव्हेर्निए नावाचा एक फ्रेंच जवाहिऱ्या सुरतेहून बऱ्हाणपूरकडे निघाला तो नवापुरावरूनच. जवाहिऱ्याच तो, पण नवापूरच्या सुवासिक तांदळाची तारीफ केल्यावाचून त्याला राहवले नाही. त्याने आणखी एक गोष्ट लिहून ठेवली आहे. वंजाऱ्यांचे तांडे धान्य आणि मीठ घेऊन निघत तेव्हा एकेका तांड्यात दहा-दहा, बारा-बारा हजार बैल असत, आणि अरुंद वाटेवर असा तांडा समोरून आला की प्रवाशाला दोन-दोन, तीन-तीन दिवस खोळंबून राहावे लागे. म्हणजे वाहतुकीची कोंडी आपण समजतो तितकी आधुनिक नाही! मात्र त्या तांड्याचा नायक तांड्याबरोबर चालत असे. हे वाक्य वाचकांनी जरा ध्यानात ठेवावे.

विसरवाडीच्या पुढे कोंडाईबारीचा घाट लागतो. ‘बारी’ म्हणजे खिंड. ‘कोंडाई’चा आणि ‘कोंडी’चा व्युत्पत्तीने संबंध जोडण्याचा मोह मी आवरतो, पण रस्त्यावरच्या माणसांनी तो कधीच जोडून टाकला आहे. घाटात एखादी गाडी आडवी झाली की मागच्या गाड्यांची रांग लागते, आणि मग जे शहाणे असतात ते विसरवाडीवरून वळून खांडबारा-नंदुरबारच्या वाटेला लागतात.

असाच एक शहाणा मला २०२४ च्या धनत्रयोदशीला भेटला.

मी खांडबाऱ्याला गेलो होतो तो माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या आग्रहावरून. नंदुरबारला असताना मी त्याला बी. ए.ला मराठी शिकवले. त्याच्या घरातला तो पहिला पदवीधर. पुढे तो सुरतेला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात लागला आणि आज तेथे सुपरवायझर आहे. दिवाळीला चार दिवस घरी आला होता. निदान शरीराने तरी आला होता, कारण त्याच्या हातातला फोन काही घरी आला नव्हता. वसुबारसेच्या संध्याकाळी त्याच्या आईने नागलीची भाकरी आणि तुरीचे वरण वाढले, तेव्हापासून त्या फोनने सात वेळा त्याला ताटावरून उठवले.

“सर, माझ्याकडे बेचाळीस गाड्या आहेत,” तो म्हणाला. “दिवाळी मला आहे, त्यांना नाही.”

‘आणि त्यांच्या ड्रायव्हरांना?’ हा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता, पण पानावर बसलेल्या माणसाला तो विचारू नये म्हणून गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी तो न विचारताच समोर येऊन उभा राहिला.

मंगळवारी दुपारी आम्ही दोघे गावाबाहेरच्या चहाच्या टपरीवर गेलो. रस्त्याच्या कडेला एक मोठी गाडी एका अंगाला कललेली. मागच्या चाकापाशी मिस्त्री आडवा झालेला, आणि शेजारी दगडावर पन्नाशीचा एक गृहस्थ, अंगात खाकी सदरा, डोळे तांबारलेले. कमानीचे दोन पाटे तुटले होते. गाडीत सुरतेच्या साड्या, जायचे नागपूरला. गृहस्थ बुलढाणा जिल्ह्यातला. मी मराठीचा मास्तर आहे असे कळल्यावर त्याला काय वाटले कोण जाणे, त्याने सगळी हकिकतच सांगितली. मास्तराजवळ तक्रार करायची सवय आपल्याकडे लहानपणापासून असते.

“शुक्रवारी बिल फाडलं, मास्तर. अन् गाडी सोडली सोमवारी संध्याकाळी. का? तर अजून थोडा माल येणार होता, गाडी रिकामी कशाला पाठवायची! तीन दिवस मी गोडाऊनच्या दारात. राती घाटात गाड्या अडकल्या म्हणून इकडून वळलो, तर लगेच ऑफिसचा फोन. रूट क्यों छोडा? म्हटलं, साहेब, घाट बंद आहे. तर म्हणे, स्क्रीनवर तर रस्ता चालू दिसतोय. आता मी घाटात होतो का स्क्रीन घाटात होता?”

पाटे तुटल्यावर त्याने ऑफिसला फोन केला. फोटो पाठव म्हणाले. पाठवला. मिस्त्री किती मागतो ते लिहून पाठव म्हणाले. तेही पाठवले. मग साहेबाला विचारून सांगतो म्हणाले, आणि त्यानंतर तो साहेब फोन उचलेना. शेवटी त्याने खुराकीच्या पैशांतून मिस्त्रीला बयाणा दिला. पण खरी धास्ती वेगळीच होती.

ती वाचकांना थोडी समजावून सांगितली पाहिजे. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला, विक्रीकराचे नाके गेले, आणि २०१८ पासून मालाबरोबर ‘ई-वे बिल’ नावाचा परवाना आला. त्याला मुदत असते. २०२१ पासून दर दोनशे किलोमीटरांना एक दिवस असा हिशेब आहे. सुरत ते नागपूर साडेसातशे किलोमीटरांच्या वर, म्हणजे चार दिवस. आता गंमत अशी की मुदत बिलावर धावते आणि गाडी रस्त्यावर. शुक्रवारी निघालेले बिल मंगळवारच्या मध्यरात्री संपणार होते, मग गाडी तीन दिवस गोडाऊनच्या दारात का उभी असेना! मुदत वाढवता येते. पण संपण्याच्या आधीच्या आठ तासांत किंवा नंतरच्या आठ तासांत, आणि तीही ऑफिसातल्या माणसाने संगणकावर बसून. ड्रायव्हरच्या हातात काही नाही. शिळ्या बिलावर गाडी पकडली गेली की ती उभी राहते, दंड होतो, आणि गाडीबरोबर उभा राहतो तो ड्रायव्हर. ऑफिस उभे राहत नाही.

मंगळवारी चारपासून बुधवारी सकाळी आठपर्यंत, एवढाच त्याच्याजवळ वेळ. आणि त्या दिवशी धनत्रयोदशी. सुरतेतले ऑफिस दुपारीच पूजा करून बंद झालेले.

माझा विद्यार्थी हे सगळे खाली मान घालून ऐकत होता. आपणही सुपरवायझर आहोत हे त्याने सांगितले नाही. मीही सांगितले नाही.

‘डिस्पॅच’ला मराठीत चांगला शब्द आहे, ‘पाठवणी’. आपल्याकडे मुलीची पाठवणी करतात, तेव्हा तिच्याबरोबर पाठराखीण देतात. नव्या घरी तिला काही लागले-सवरले, कोणी काही बोलले, तर जवळ आपले एक माणूस असावे, एवढाच त्यात हेतू. या धंद्यात पाठवणी आहे, पाठराखीण तेवढी नाही. तिच्या जागी गाडीवर एक यंत्र बसवले आहे. ते गाडी कोठे आहे हे घटकेघटकेला सांगते. ड्रायव्हर कसा आहे हे सांगण्याची त्यात सोय नाही.

असे नाही की या माणसांचा विचार कोणीच केला नाही. १९६१ सालीच मोटार वाहतूक कामगारांसाठी कायदा झाला आणि दिवसाचे आठ तास, पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती असे त्याने ठरवून दिले. २०२० साली सेव्हलाइफ फाउंडेशनने देशभरातल्या ड्रायव्हरांना विचारून पाहिले, तेव्हा ते सरासरी बारा तास गाडी हाकत असल्याचे आढळले. निम्म्यांनी थकवा किंवा झोप आली असतानाही गाडी चालवतो असे सांगितले, आणि शंभरातले चौऱ्याऐंशी जण म्हणाले की आपल्या घरच्या कोणाला या धंद्यात यायला सांगणार नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले आहे, ही चांगलीच गोष्ट. २०२४ च्या जानेवारीत अपघाताच्या नव्या कलमावरून ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या, तेव्हा दोन दिवसांत पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि शहरातल्या आपल्यासारख्यांना ड्रायव्हर नावाचा प्राणी असतो हे समजले. त्या संपात तुम्ही होतात का, असे मी या गृहस्थाला विचारले.

“होतो ना. सरकारनं ऐकून तरी घेतलं,” तो म्हणाला. “ऑफिसनं त्या दोन दिवसांची खुराकी कापली.”

रात्री घरी परतल्यावर माझ्या विद्यार्थ्याने बोलायला सुरुवात केली. “सर, तुम्हाला वाटेल आम्ही राक्षस आहोत. पण गाडी उशिरा पोहोचली की पार्टी भाड्यातून पैसे कापते. शेठ मला वर बोलावतो. गाडी रिकामी सोडली तरी बोलावतो, भरायला थांबवली तरी बोलावतो. पाटे बदलायचे पैसे मी माझ्या अधिकारात देऊ शकत नाही. ड्रायव्हरला हो म्हणायचा अधिकार मला नाही, नाही म्हणायचा तेवढा आहे. मग फोन न उचललेला बरा.”

“तू घाटातून ट्रकमध्ये बसून कधी गेला आहेस?” मी विचारले.

“एस. टी.तून गेलोय. आमच्या ऑफिसातल्या बाकीच्यांनी तेवढेही पाहिलेले नाही. त्यांच्यासाठी कोंडाईबारी म्हणजे पडद्यावरचे एक वळण.”

मला त्याची दया आली हे खरे. पण सगळी दया त्याच्यावर खर्च करावी असे मात्र वाटले नाही. अडलेल्या सुपरवायझरला निदान खाट होती, आईच्या हातची भाकरी होती. तोच अडलेपणा पुढे ढकलत ढकलत शेवटी त्या दगडावर बसलेल्या माणसापाशी येऊन थांबला होता. त्याच्या पुढे ढकलायला कोणी नव्हते.

दहाच्या सुमारास विद्यार्थ्याचा फोन खाटेवर पालथा पडल्या पडल्या उजळू लागला. एकदा, दोनदा, तीनदा. त्याच्याच कोणत्या तरी गाडीचा ड्रायव्हर होता. चौथ्या वेळी त्याने तो उचलला, बाहेर अंगणात गेला आणि बराच वेळ बोलत राहिला. परत आला तो चपला घालूनच. “सर, मी जरा टपरीवर जाऊन येतो.”

पुढचे काम ट्रान्सपोर्टच्या ओळखीपाळखीचे. त्या दुसऱ्या ऑफिसातला साहेब फोन घेईना, पण बिले करणारा एक पोऱ्या याच्या माहितीतला निघाला. तो आपल्या गावी होता. सकाळी सात वाजता त्याने गावातल्या कोणा दुकानदाराच्या संगणकावर बसून मुदत वाढवली, आणि सव्वासातला नवे बिल ड्रायव्हरच्या फोनवर आले. आठाला पाऊण तास कमी. पाटे रात्रीच बसले होते.

गाडी सुरू करण्याआधी त्या गृहस्थाने साहेबाला आणखी एक फोन लावला. या वेळी तो लागला. त्याचे गाव नांदुऱ्याजवळ, महामार्गापासून थोडे आत. रात्री तेथून जाताना दोन तास घरी थांबू का, एवढेच त्याने विचारले. दुसऱ्या दिवशी नरकचतुर्दशी, पहिली अंघोळ. पलीकडचे बोलणे आम्हाला ऐकू आले नाही. तो “हां साहेब” म्हणाला, फोन खिशात टाकला, मिस्त्रीला हात जोडले आणि गाडी नंदुरबारच्या रस्त्याला लावली.

त्या रात्री साडेदहाला त्याने माझ्या विद्यार्थ्याला फोन केला, मलिक म्हणून नव्हे, कोणी म्हणून नव्हे. खांडबाऱ्याला भेटलेला माणूस म्हणून. घरची मंडळी डबा घेऊन रस्त्यावर येऊन उभी होती. धाकट्या मुलीने केबिनमध्ये चढून त्याच्या हाताला उटणे लावले.

“किती वेळ थांबलात?” विद्यार्थ्याने विचारले.

“चार मिनिटं. पाचव्याला तुमच्या ऑफिसात घंटी वाजते ना.”